क्रमांक दोनशे अकरा

कोल्दिपिएत्रा, ४ नोव्हेंबर

चि. रीनो यास,

अनेक आशीर्वाद. आता आशीर्वाद तू द्यायचे आणि आम्ही गुडघे टेकून घ्यायचे, असं फादर आर्दुइनो म्हणतात. पण मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तुझं नाक पुसलेली बहीण आहे. माझ्याकडून आशीर्वादच येतील. चालत नसेल तर कळव.

तू पोप झालास ते मला कसं कळलं, ऐक. मी कोबी चिरत होते. अवेळी घंटा वाजायला लागल्या, मला वाटलं कुठेतरी आग लागली. बादली घेऊन बाहेर आले तर समोरून पोस्टातली इर्मा ओरडत येतेय, "एर्सिलिया, तुमचा रीनो! अहो, तुमचा रीनो!" मला वाटलं तू गेलास. मी तिथेच चिखलात बसले. मग ती म्हणाली, गेला नाही हो, पोप झालाय. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही. आता तू काही इकडे परत येत नाहीस.

गावाने संगमरवरी पाटी करायला टाकली आहे. "या घरात पोप मार्सेलस तिसरे यांचा जन्म झाला." मी म्हटलं, घरात नाही, गोठ्यात झाला, त्या हिवाळ्यात आई उबेसाठी गाईंजवळ निजायची. तर सरपंच म्हणतात, "बाई, तेवढं सांगू नका. लोकांना वाटेल आपण येशूशी बरोबरी करतोय."

आता कामाचं. दुइलिओचा कागद. तू विसरला नसशील, पण आता जगभरचे कागद तुझ्यापुढे येणार, म्हणून पुन्हा लिहिते. आपला धाकटा भाऊ चौदा वर्षं धर्मगुरू होता आणि चांगला होता. सहा वर्षांपूर्वी त्याने झगा उतरवला आणि शाळेतल्या नेरिनाबाईशी सरकारी कचेरीत लग्न केलं. चूक केली, हे मी तेव्हाच त्याच्या तोंडावर म्हटलं. पण लपवाछपवी केली नाही. मला ब्रह्मचर्याच्या व्रतातून मोकळं करा, म्हणजे चर्चमध्ये लग्न लावता येईल, असा रोमला रीतसर अर्ज केला. चौकशा झाल्या, बिशपांचा शेरा झाला, फक्त पोपची सही राहिली. त्याला तीन वर्षं झाली. आधीचे पोप आजारी होते. आता तू आहेस.

नेरिना दर रविवारी मिस्सेला शेवटच्या बाकावर बसते. सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठतात, ती बसून राहते, कारण चर्चच्या लेखी तिचं लग्न झालेलंच नाही. अल्बा आता पाच वर्षांची आहे. परवा भर मिस्सेत तिने मोठ्याने विचारलं, "आई, तू का उठत नाहीस? पाय दुखतात?" नेरिना म्हणाली, "हो."

एक सही रे. पेनसुद्धा कुणीतरी हातात देत असेल.

तुझी ताई,
एर्सिलिया

सोबत लोकरीचे मोजे. पांढरे विणलेत, आता तुला पांढरंच घालावं लागणार म्हणून.


व्हॅटिकन, २१ नोव्हेंबर, आमच्या कारकिर्दीचं पहिलं वर्ष

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मोजे मिळाले. नेमके बसतात. इथलं दुसरं काही बसत नाही. नवा पोप कोण होणार हे शिंप्याला माहीत नसतं, म्हणून झगे लहान, मध्यम, मोठा अशा तीन मापांत शिवून ठेवतात. मी मध्यम आणि मोठा यांच्या मधला निघालो. सज्ज्यात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पाठीला अकरा टाचण्या होत्या. सगळं जग बघत होतं आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, वाकायचं नाही.

पोपने एकट्याने जेवायची जुनी रीत मधल्या काळात मोडली होती. ती मी पुन्हा सुरू केली. शिस्त वरून सुरू झाली नाही तर खाली पोचत नाही. स्वयंपाकघरातल्या सिस्टर बेनिन्या माझ्यासाठी मुद्दाम आपल्या गावची मक्याच्या पिठाची पोलेंता करतात. पातळ होते. मी काही बोलत नाही.

आता दुइलिओचं. स्पष्टच लिहितो, कारण तुला आडवळणं आवडत नाहीत. १८ तारखेला मी हुकूम काढला. व्रतातून मोकळं करण्याचे सगळे अर्ज थांबवले आहेत. गेल्या काही वर्षांत हजारोंनी झगे उतरवले. प्रत्येकाचं कारण खरं असेल. पण धर्मगुरू होताना जमिनीवर पालथं पडून जन्मभराचा शब्द दिला, आणि तो कागदावर परत घेता येतो असं दिसलं, तर जे तो शब्द पाळत बसले आहेत त्यांनी काय करावं? एकट्याने जेवणाऱ्या, एकट्याने म्हाताऱ्या होणाऱ्या त्या माणसांना मी काय सांगू?

आणि त्या ढिगातला माझ्याच भावाचा कागद मी वर काढला, तर पुतण्यांना राजवाडे देणाऱ्या जुन्या पोपांत आणि माझ्यात काय फरक राहिला?

तो मला प्रिय आहे. म्हणूनच नाही.

मार्सेलस तिसरे, पोप
(रीनो)


कोल्दिपिएत्रा, ९ डिसेंबर, माझ्या कोंबड्यांच्या कारकिर्दीचं चौथं वर्ष

रीनो,

पत्र मिळालं. आधी बरं तेवढं लिहिते. मिस्सेत गिटार वाजवायला बंदी केलीस ते छान केलंस. सुताराचा एत्तोरे दर रविवारी ती घेऊन बसायचा आणि आम्ही सगळे दात आवळून ऐकायचो. लॅटिन परत आणलंस, तेही मला चालतं. मला ते कळत नाही, पण आईला तरी कुठे कळत होतं!

बाकीचं मला पटलं नाही. तुझा हुकूम दुइलिओने आरागिरणीत, जेवणाच्या सुट्टीत, वर्तमानपत्रात वाचला. तिथल्या माणसांनी त्याची फार थट्टा केली नाही. एकजण म्हणाला, "काय फादर, भावाने दार लावून घेतलं का?" दुइलिओने पेपर घडी करून ठेवला आणि फळ्या रचायला लागला. घरी आल्यावर नेरिना रडली. हा म्हणतो, "त्याच्या जागी तो बरोबर असेल." हा म्हणतो! तो तुझ्याविरुद्ध चकार शब्द काढत नाही, याचाच मला जास्त संताप येतो. त्याच्या वाटचं मलाच बोलावं लागतं.

तू त्याला जेवणापुढची प्रार्थना मोठ्याने म्हणायलाही मनाई केली आहेस का? नसशील. पण तो म्हणत नाही. मनात म्हणतो आणि अल्बाला म्हणायला लावतो. धर्मगुरूचं कुठलंच काम करायचं नाही म्हणजे नाही. सहा वर्षांत त्याने कुणाला साधा आशीर्वाद दिलेला नाही. तुझे नियम तुझ्या कार्डिनलांपेक्षा तोच जास्त पाळतो.

तू नियमाने वागतोस, ठीक आहे. नियमाला मोजे विणायला सांग.

एर्सिलिया


कोल्दिपिएत्रा, २ मार्च, तुझ्या कारकिर्दीचं पाचवं वर्ष

रीनो,

चार वर्षांत मी तुला नाताळ आणि ईस्टरची कार्डं सोडून काही लिहिलं नाही, आणि तूही हट्टाने कार्डाला कार्डच पाठवलंस. दोघेही एकाच गोठ्यातले. आज लिहायचं कारण, मी मेले होते. म्हणजे जवळजवळ. आणि त्यावरून इथे वाद झालाय, तो तूच मिटवायला हवास.

आधी इथली हालत सांगते. फादर आर्दुइनोंकडे आता पाच गावं आहेत. नवे धर्मगुरू तयार होत नाहीत, जुने मरतात. तुला हे आकड्यांत कळत असेल, आम्हाला मयताच्या वेळी कळतं. ते खालच्या गावात राहतात, रविवारी वर येतात, बर्फ पडलं की तेही नाही.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला मला थंडी भरली. तेराला छातीत पाणी. चौदाला चर्चच्या खालच्या वळणावर बर्फाचा कडा कोसळला आणि रस्ता बंद. दुपारी दोनच्या सुमाराला डॉक्टरांनी माझी छाती ऐकली आणि दुइलिओला म्हणाले, "फादरांना बोलवा." मला ऐकू आलं. लोकांना वाटतं मरणाऱ्याला ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "दुइलिओ, फादर येत नाहीत. तूच ऐक माझी पापकबुली."

तो दारापर्यंत मागे सरकला. "ताई, मला मनाई आहे."

"कुणाची?"

"रीनोची."

"मग रीनोला बोलाव! येतोय का तो फावडं घेऊन?"

तो दाराशी नुसता उभा. तेव्हा नेरिना पुढे झाली. तिने त्याच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "मरणाच्या दारातल्या माणसाला कुठलाही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो. झगा उतरवलेलासुद्धा. तूच मला सांगितलं होतंस. जा आत." रीनो, धर्मगुरू म्हणून त्याला परत आत ढकलणारी ती होती. तिने दार लावून घेतलं आणि बाहेर अल्बाला घेऊन बसली.

गळ्यात घालायचा पट्टा नव्हता, त्याने माझा मफलर घातला. मी सगळं सांगितलं. तुझ्यावरच्या रागासकट. क्षमेचे शब्द तो इतक्या घाईने म्हणायला लागला की मीच म्हटलं, "सावकाश, मी कुठे पळत नाहीये." प्रायश्चित्त म्हणून नमो मारियाच्या तीन प्रार्थना म्हणायला दिल्या. एकाहत्तर वर्षांची असताना तू पोप झालास, आता पंचाहत्तर पुरी, एवढ्या वर्षांची पापं आणि तीन! शाळेतल्या पोरांनाही तो तीनच द्यायचा.

आणि मग मी वाचले. चौथ्या दिवशी सूप मागितलं.

रस्ता उघडल्यावर फादर आर्दुइनो आले आणि म्हणतात, ही कबुली धरता येणार नाही, पुन्हा करा. मेल्या असतात तर चाललं असतं. मी म्हटलं, "म्हणजे वाचले ही माझी चूक?" ते म्हणाले, "तसं नाही बाई, पण नियम." गावात दोन तट पडलेत. दुइलिओ आजारी पडल्यासारखा फिरतोय, आपण काही भ्रष्ट केलं की काय म्हणून.

तेव्हा आता पोप म्हणून सांग. माझी पापं गेली की नाही?

एर्सिलिया


व्हॅटिकन, १२ मार्च, कारकिर्दीचं पाचवं वर्ष

प्रिय ताई,

गेली. फादर आर्दुइनो चुकत आहेत. हे पत्र त्यांना दाखव, तेवढ्यासाठी खाली शिक्का मारला आहे.

धोका खरा होता, एवढं पुरेसं आहे. तू वाचलीस म्हणून क्षमा परत घेतली जात नाही. दुइलिओकडून मी काम काढून घेऊ शकतो. धर्मगुरूपण काढून घेता येत नाही, मलाही नाही. ते एकदा लागलं की लागलं. नेरिनाने सांगितलेला नियम शब्दशः बरोबर आहे. इथल्या काही प्राध्यापकांना तो असा नेमका सांगता आला नसता. (दोघांना मी गेल्या वर्षी काढलं.)

दुइलिओला सांग, त्याने काही भ्रष्ट केलेलं नाही. त्याने योग्य केलं. हे वाक्य मी भाऊ म्हणून नाही, पोप म्हणून लिहितो आहे.

तुझं पत्र वाचल्यावर अर्धा तास मी काहीच केलं नाही. बाहेर एक राजदूत ताटकळत होता. तू मरत होतीस आणि मला चार आठवड्यांनी कळलं.

माझी तब्येत ठीक आहे. जेवल्यावर छातीत जळजळ होते, बहुतेक पोलेंता.

तुझा,
रीनो


कोल्दिपिएत्रा, ८ ऑक्टोबर, दुइलिओच्या हाती

रीनो,

तुझी काळी मोटार दाराशी उभी आहे आणि ड्रायव्हर घड्याळ बघतोय, म्हणून चारच ओळी. तुला झटका आलाय आणि तुला दुइलिओ हवाय, एवढंच तो सांगतो. कशासाठी, ते सांगत नाही. दुइलिओ गिरणीतून तसाच आलाय. नेरिना त्याचा कोट झटकतेय, भुसा काही निघत नाही.

मरू नकोस. आणि मरणारच असशील तर आधी सही कर. वाईट वाटलं तर वाटू दे.

ताई


व्हॅटिकन, ६ नोव्हेंबर, कारकिर्दीचं सहावं वर्ष

प्रिय ताई,

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. डॉक्टरांनी उशीला टेकून बसायची परवानगी दिली आहे.

दुइलिओ तुला काही सांगणार नाही. त्याला सांगता येत नाही, कबुली ऐकणाऱ्याचं तोंड कायमचं बंद. पण करणारा बोलू शकतो, म्हणून मी सांगतो.

तो आला तेव्हा खोलीत दोन कार्डिनल, माझी पापकबुली नेहमी ऐकणारे फादर आणि सेक्रेटरी होते. म्हणजे चार धर्मगुरू हजर. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. एक कार्डिनल म्हणाले, "पवित्र पिता, यांना अधिकार नाही." मी डॉक्टरांना विचारलं, "मी मरतो आहे का?" डॉक्टर म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही." मी म्हटलं, "मग यांना अधिकार आहे. दुसरा धर्मगुरू खोलीत असला तरी आहे. नियम वाचा." पोप म्हणून मी त्याला खास परवानगी देऊ शकलो असतो. दिली नाही. लागतच नव्हती.

त्याच्या कानामागे भुसा होता. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिलो.

मग सांगितलं. मी पोप होण्याआधीच सगळी चौकशी पुरी होऊन सहीसाठी आलेले तीनशे चाळीस अर्ज होते. माझ्या हुकमानंतर ते कपाटात गेले आणि किल्ली माझ्या खणात. हुकूम बरोबर होता, आजही आहे, नवा अर्ज मी घेणार नाही. पण ही माणसं आधीच दाराशी येऊन उभी होती. त्यांना 'नाही' म्हणायचा मला अधिकार होता. उत्तरच न द्यायचा नव्हता. पाच वर्षं मी त्यांना ताटकळत ठेवलं आणि त्याला खंबीरपणा म्हणत राहिलो. त्या कपाटात माझा भाऊ आहे, म्हणून ते उघडायची मला भीती वाटत होती.

प्रायश्चित्त काय द्यायचं ते त्याच्या हातात होतं. तो म्हणाला असता, "माझ्या कागदावर सही कर," तर मला करावीच लागली असती. मी वाट पाहिली, ताई. खरं म्हणजे त्यासाठीच त्याला बोलावलं होतं, म्हणजे निर्णय माझा राहिला नसता. त्याने कोटाच्या बाहीवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "तीन नमो मारिया."

मी रडलो. डॉक्टरांना वाटलं छातीत दुखतंय, त्यांनी सुई टोचली.

तीन तारखेपासून कपाट उघडलं आहे. अर्ज आले त्या क्रमाने घेतो. प्रत्येक पूर्ण वाचतो. एका माणसाचं आयुष्य न वाचता सही करायची नाही आणि न वाचता नाकारायचं नाही. डॉक्टर रोज एक तास देतात, त्यात सात-आठ होतात. आजवर सव्वीस झाले. दोन नाकारले.

दुइलिओचा क्रमांक दोनशे अकरा आहे.

रीनो


कोल्दिपिएत्रा, १३ नोव्हेंबर

चि. रीनो,

तू जगलास. आधी ते. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि घरी येऊन तुझं पत्र नेरिनाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "त्याने मागितलं नाही?" दुइलिओ बाहेर लाकडं फोडायला निघून गेला. ती त्याच्या मागे गेली. दोघं बराच वेळ आत आली नाहीत.

आता माझं ऐक. तुझं हृदय फाटकं आहे. तू रोज सात-आठ करणार, म्हणजे दोनशे अकराला महिना लागणार. रीनो, हात खाली घाल आणि ती एक फाइल उपस! आज सही कर, मग बाकीची तू आरामात वाच, हवी तर दोनदा वाच. कुणाला कळणार आहे? कळलं तरी कोण काय म्हणणार आहे? मरता मरता वाचलेल्या माणसाने भावासाठी एवढं केलं तर लोक डोळे पुसतील.

मी भीक मागत नाही, मी तुझी मोठी बहीण आहे आणि सांगतेय.

ताई


व्हॅटिकन, २० नोव्हेंबर, कारकिर्दीचं सहावं वर्ष

प्रिय ताई,

एकशे सव्वीस झाले.

तुझं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. नाही जमणार. दुइलिओच्या पुढे चौऱ्याऐंशी माणसं उभी आहेत आणि त्यांच्यातल्या कुणाचाही भाऊ पोप नाही.

चौऱ्याण्णव क्रमांकाचा अर्ज पोर्तुगालमधल्या एका धर्मगुरूचा होता. वर पिवळी चिठ्ठी टाचलेली, अर्जदार दोन वर्षांपूर्वी वारले. सेक्रेटरी म्हणाले, हा बाजूला ठेवू या. मी तो वाचला. शेवटच्या पानापर्यंत. त्याच्यासाठी मला एवढंच करता आलं. त्याच्या बायकोला मी स्वतः पत्र लिहिलं आहे.

दोनशे अकरापर्यंत आलो की तोही मी भाऊ म्हणून वाचणार नाही, हे दुइलिओला सांग. तो हसेल.

रीनो


कोल्दिपिएत्रा, १ डिसेंबर

चि. रीनो यास, अनेक आशीर्वाद.

दुइलिओ खरंच हसला. म्हणाला, "त्याला सांग, घाई करू नकोस. आणि पोलेंता घट्ट करायला सांग, त्या सिस्टरला पाप लागेल."

त्या पोर्तुगालच्या बाईचं वाचून नेरिना म्हणाली, "आधी त्यांचं होऊ दे." मी तिला म्हटलं, तू पण तसलीच निघालीस. आमच्या घरात एक मीच माणसासारखी उरले आहे.

पण आता मी गप्प बसते. पटलं म्हणून नाही. तुम्ही दोघं माझं न ऐकता, माझ्या मागे, कधीतरी एकमेकांना सापडलात, म्हणून. अकरा वर्षं तुमच्यामध्ये मी पत्रं टाकत होते, आणि तुमचं जमलं ते तीन नमो मारियांवर.

फादर आर्दुइनोंनी नाताळनंतरचा शनिवार मोकळा ठेवलाय. काही न विचारता ठेवलाय, नुसतं म्हणाले, "असू दे." नेरिनाने करड्या रंगाचं कापड आणलंय. अल्बा आता दहा वर्षांची आहे, ती म्हणते, आईबाबांच्या लग्नात फुलं मी धरणार, वर्गात कुणालाच हे करायला मिळालेलं नाही.

रीनो, मला तुझा राग येतो आणि मला तुझी फार आठवण येते. दोन्ही खरं आहे. पाटीजवळून जाताना रोज तुला दोन शब्द सुनावते. लोक बघतात.

तुझी ताई


व्हॅटिकन, ६ डिसेंबर

श्रीमती एर्सिलिया यांस,

आपल्या बंधूंच्या निधनाची तार आपणास मिळाली असेल. १ तारखेचा शिक्का असलेलं आपलं पत्र ते गेल्यानंतर पोचलं. पोपच्या नावे आलेलं खासगी पत्र त्यांच्या पश्चात उघडायचं नाही असा नियम असल्याने न उघडता परत पाठवत आहे.

आपण विचाराल म्हणून लिहितो. २ तारखेला सकाळी नऊ वाजता ते नेहमीप्रमाणे वाचायला बसले. क्रमांक दोनशे सातवर सही केली, शाई सुकायला कागद बाजूला ठेवला आणि दोनशे आठ उघडला. पहिलं पान वाचून उलटलं. त्यानंतर मी हाक मारली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना त्रास झाला नसावा असं डॉक्टर सांगतात.

एक गोष्ट सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. त्यांचा चेहरा आदल्या दिवशी मला बरा दिसला नाही. त्या सकाळी मी आपण होऊन दोनशे अकरा सगळ्यांत वर ठेवला होता. त्यांनी नाव पाहिलं, तो उचलला आणि परत त्याच्या जागी ठेवला. "क्रमाने," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत.

नवे पोप निवडून येईपर्यंत कुणालाच सही करता येत नाही. खोलीला नियमाप्रमाणे लाखेचं सील लावलं आहे. कागद टेबलावर आहेत तसेच आहेत.

आपला नम्र,
मॉन्सिन्योर तेओबाल्दो गुएर्रिनी


कोल्दिपिएत्रा, ८ जानेवारी

नवे पोप यांस,

सादर प्रणाम. आपली ओळख नाही. तुमच्या आधीचे पोप माझा धाकटा भाऊ होता. त्याच्यावर मी पाच वर्षं चिडले होते आणि आता कुणावर चिडू ते कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

त्याच्या खोलीचं सील तुम्ही काढाल तेव्हा टेबलावर एक ढीग दिसेल. दोनशे सात संपलेत. दोनशे आठ उघडा आहे, एक पान उलटलेलं आहे. पुढे तीनशे चाळीसपर्यंत आहेत. तुमचे विचार त्याच्यासारखे कडक आहेत की नाहीत ते मला माहीत नाही. पण त्या माणसांना उत्तर द्या. होय तर होय, नाही तर नाही. आमच्या घरात करडा पोशाख शिवून तयार आहे, तो आम्ही पेटीत ठेवलाय. अशा पेट्या किती घरांत असतील, मोजू नका, नुसतं लक्षात ठेवा.

क्रमांक दोनशे अकरा माझ्या दुसऱ्या भावाचा आहे. हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. कुणीतरी चांगल्या मनाने तो उचलून वर ठेवेल, गेलेल्या पोपच्या इच्छेखातर म्हणून. तसं होऊ देऊ नका. दोनशे आठ कोण आहे, मला ठाऊक नाही, पण त्याचं एक पान वाचून झालंय. तिथूनच सुरू करा.

वशिल्याने आधी सही झाली तर माझ्या भावांना चालणार नाही. दोघांनाही.

एर्सिलिया